तिसऱ्यांदा परत आलेला ड्राइव्ह

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडांची एक रांग आहे. त्या रांगेत चैताली आणि प्रफुल्ल पगारे या नवरा-बायकोचं दुरुस्तीचं दुकान आहे. मोटरींचे ड्राइव्ह ते दुरुस्त करतात. ड्राइव्ह म्हणजे भिंतीवर बसवायचा राखाडी डबा. कारखान्यातली मोटर किती जोरात फिरायची, कधी हळू व्हायची, कधी थांबायची, हे तो ठरवतो. काही बिनसलं की मोटर सोडून देतो आणि आपल्या इवल्याशा पडद्यावर दोन-तीन लाल अक्षरं दाखवतो. ती अक्षरं म्हणजे फॉल्ट कोड. बहुतेक ठिकाणी लोक बटण दाबून ती अक्षरं पुसतात आणि मशीन पुन्हा सुरू करतात. पुसून पुसून भागेनासं झालं की डबा चैतालीच्या टेबलावर येतो.

कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. प्रफुल्ल बाहेरचा आणि चैताली आतली. तो गोड बोलणारा, चहा घेत घेत गिऱ्हाईक सांभाळणारा, सिन्नरपासून दिंडोरीपर्यंत गाडी फिरवणारा. ती दिवसभर टेबलाशी. आतलं सर्किटचं कार्ड उलटं करून दिव्याखाली धरायचं, करपलेल्या जागेचा वास घ्यायचा आणि मीटर लावण्याआधीच काय गेलंय ते सांगायचं, ही तिची ख्याती. दुसऱ्या दुकानांनी हात टेकलेले ड्राइव्ह तिच्याकडून चालू होऊन जात. तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं आणि ते ठाऊक असल्याचं ती लपवत नसे.

मे महिन्यातल्या एका सकाळी प्रफुल्लने गाडीतून एक खोकं उतरवलं आणि तिच्या टेबलावर न ठेवता दाराशीच ठेवलं. त्यावरूनच तिला कळलं.

"लासलगावचा?"

"हो."

"पुन्हा?"

"पुन्हा. तिसऱ्यांदा."

लासलगावच्या अलीकडे दीपकशेठ जाधवांचा कांदा सुकवायचा कारखाना होता. सोललेला कांदा पट्ट्यावरून पुढे सरकतो, दोन्ही बाजूंना उभ्या बायका त्यातला सडका कांदा आणि राहिलेली सालं वेचतात, मग कांद्याच्या चकत्या होतात आणि गरम हवेत सुकतात. त्या वेचणीच्या पट्ट्याचा हा ड्राइव्ह.

चैतालीने चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आतले सोल्डरचे डाग तिने स्वतः दिलेले होते, चकचकीत आणि सारखे. ते तसेच धड होते. गेलं होतं ते मोटरकडे वीज सोडणारं मॉड्यूल. पहिल्या खेपेला तेच गेलं होतं, दुसऱ्या खेपेलाही तेच.

"कोड काय होता?" तिने विचारलं.

"ओसी. ओव्हरकरंट. नेहमीचाच. हीट असेल गं. शेडमध्ये उभं राहवत नाही, असला उकाडा."

"उकाड्याचा कोड वेगळा असतो, प्रफुल्ल."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दीपकशेठच होते. हातात खोकी असल्यामुळे प्रफुल्लने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि लगेच त्याला पस्तावा झाला.

"पगारेसाहेब, राग मानू नका," दीपकशेठ म्हणाले, "पण तुमच्याकडं आतलं काम कच्चं होतंय. ते कोण करतं, त्याला बदला बुवा. सीझन चालू आहे माझा."

प्रफुल्ल काही बोलायच्या आत चैतालीने फोन स्वतःकडे ओढला. "नमस्कार शेठ. ते काम मीच करते. उद्या सकाळी ड्राइव्ह घेऊन मी येते आणि तुमच्यासमोर बसते. माझं काम कच्चं निघालं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवा. मीच नंबर देईन."

फोन बंद झाल्यावर प्रफुल्ल म्हणाला, "तू कधी साइटवर गेली आहेस?"

"नाही गेले. उद्या जाईन."

रात्रीतून तिने नवं मॉड्यूल बसवलं, आपल्या टेबलावरची मोटर लावून ड्राइव्ह तासभर पळवला आणि निश्चिंत मनाने झोपली. सकाळी प्रफुल्लला सिन्नरला जायचं होतं, तो दुचाकीवरून गेला. व्हॅन घेऊन ती निघाली.

कारखान्याच्या अलीकडच्या वळणावरच कांद्याचा वास गाडीत शिरला. फाटकातून आत गेल्यावर डोळ्यांना पाणी येऊ लागलं. दीपकशेठ केबिनमधून बाहेर आले. खांद्यावर पांढरा टॉवेल, हातात दोन फोन. त्यांनी व्हॅनच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं.

"साहेब नाही आले?"

"साहेब सिन्नरला आहेत. पॅनेल कुठे आहे?"

त्यांनी वायरमनला हाक मारली. फकिरा त्याचं नाव. पन्नाशीचा, सडपातळ, खिशात टेस्टर. तो तिला शेडच्या एका टोकाला घेऊन गेला. पॅनेल तिथे होतं आणि पट्टा होता दुसऱ्या टोकाला. मध्ये कांद्याच्या कॅरेटची भिंतच उभी होती. पॅनेलपाशी उभ्या असलेल्या माणसाला पट्टा दिसत नव्हता आणि पट्ट्यापाशी उभ्या असलेल्याला पॅनेल दिसत नव्हतं. चैतालीने हे पाहिलं, पण त्या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही.

ड्राइव्ह बसवण्याआधी तिने सगळं तपासलं. येणारा व्होल्टेज ठीक होता. पॅनेलचा पंखा फिरत होता, जाळी साफ होती. मोटरमधून आणि केबलमधून वीज गळते का ते मेगर या मीटरने पाहिलं. काटा जिथे हवा तिथेच गेला. मग तिने ड्राइव्ह जोडला आणि पट्टा सुरू केला. पलीकडून बायकांच्या बोलण्याचा आवाज आला आणि कांदे घरंगळल्याची दडदड सुरू झाली.

फकिरा म्हणाला, "मॅडम, केबिनमध्ये बसा. पंखा हाय तिथं. साहेब तिथंच बसत्यात."

"मी इथेच बसते."

तिने एक कॅरेट उलटं केलं आणि ड्राइव्हसमोर बसली. पडद्यावर तिने मोटरचा करंट आणि वेग लावून ठेवला. करंटचा आकडा चारच्या आसपास डुलत होता. कांदा जास्त पडला की थोडा वर, कमी झाला की थोडा खाली. फकिरा दोनदा पलीकडे जाऊन आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा तिने विचारलं, "पट्ट्यापाशी काय काम आहे सारखं?"

"काय नाय. बायांना सांगून आलो, नीट काम करा म्हणून."

दुपारपर्यंत काही झालं नाही. दीपकशेठ एक चक्कर मारून गेले. "बघा," ते म्हणाले, "पाहुणे असले की पोरगं कसं शहाण्यासारखं वागतं! तुम्ही गेलात की परत मांडीवर."

चैताली हसली नाही. तिची नजर आकड्यावर होती. ओसी हा कोड तीन तऱ्हेने येतो, हे तिला पाठ होतं. मोटर सुरू होताना येतो, थांबताना येतो आणि एका चालीने चालत असताना येतो. या ड्राइव्हच्या आठवणीत साठलेले सगळे कोड तिसऱ्या तऱ्हेचे होते. एका चालीने चाललेल्या मोटरला अचानक एवढा करंट लागायचा म्हणजे पट्टा कशात तरी अडकला पाहिजे. आणि पट्टा अडकला तर आकडा आधी चढत जाईल. चार, सहा, नऊ. ते चढणं तिला बघायचं होतं.

जेवणाची सुट्टी होऊन पट्टा पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात ते घडलं. पण आकडा चढला नाही. पलीकडे कुणीतरी ओरडलं आणि त्याच क्षणी चारचा आकडा खाली कोसळला. शून्य. वेगाचा आकडा होता तिथेच. ड्राइव्ह आपला वीज सोडतच होता आणि ती घ्यायला पलीकडे कुणी नव्हतं.

चैताली उठून उभी राहिली. शून्य. अजून शून्य. मग आत टक् असा आवाज झाला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. ओसी.

तिला आधी आनंद झाला, खरं सांगायचं तर. तिची दुरुस्ती बावनकशी होती. चालत्या ड्राइव्हपासून कुणीतरी मोटर तोडली होती आणि ड्राइव्ह तसाच पळत असताना पुन्हा जोडली होती. थांबलेली मोटर पूर्ण वेगाच्या विजेवर अशी एकदम टाकली की ती कितीतरी पट करंट ओढते. ड्राइव्ह बिचारा ट्रिप होऊन, म्हणजे आपणहून बंद पडून, स्वतःला वाचवतो. एकदा वाचतो, दहादा वाचतो, एक दिवस मॉड्यूल फुटतं.

"फकिराभाऊ," ती म्हणाली, "पॅनेल आणि मोटर यांच्यामध्ये काय आहे?"

"काय नाय मॅडम. सरळ लाईन हाय."

उत्तर फार लवकर आलं. तिने जास्त विचारलं नाही. मोटरची केबल ज्या पत्र्याच्या नळीतून जात होती त्या नळीवर हात ठेवून ती चालू लागली. नळी कॅरेटच्या मागून, भिंतीच्या कडेने गेली आणि पट्ट्याच्या शेपटाकडे वळली. तिथे ती मोटरकडे जायच्या आधीच खाली वळली आणि वेचणीच्या टेबलाखाली शिरली.

बायका काम थांबवून उभ्या होत्या. बहुतेकींच्या साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टोप्या. टेबलाच्या त्या टोकाला एक म्हातारीशी, उंच बाई पाय रोवून उभी होती. बाकीच्या तिला धोंडाबाई म्हणत होत्या. बायकांची मुकादम. तिच्याशेजारी एक तरुण बाई आपल्या ओढणीचं फाटलेलं टोक हातात धरून होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"जरा सरकता का?" चैताली धोंडाबाईंना म्हणाली.

"कशापायी?"

"टेबलाखाली बघायचंय."

"तिथं सालं हायेत. घाण हाय."

"घाणीचं मला काही नाही."

धोंडाबाई हलल्या नाहीत. चैतालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या तरुण बाईच्या हातातल्या ओढणीकडे. ओढणी ताणून फाटलेली होती, पट्टा ज्यावर फिरतो त्या रोलरच्या काळ्या ग्रीससकट. आणि मघाशी झालेला आनंद एकाएकी ओसरला. आकडा शून्य का झाला ते तिला कळलं होतं. कुणी केला आणि कशासाठी, ते आत्ता कळलं.

"लागलं का हिला?" तिने विचारलं.

"नाय," धोंडाबाई म्हणाल्या. "या वक्ताला नाय लागलं."

मग त्या बाजूला झाल्या.

टेबलाच्या खालच्या अंगाला जुना लोखंडी मेन स्विच ठोकलेला होता. दांडीला लाल चिंधी बांधलेली, हात चटकन पडावा म्हणून. मोटरच्या तिन्ही तारा त्यातून गेल्या होत्या. काम नीटनेटकं होतं, बोल्ट घट्ट होते.

फकिरा मागे येऊन उभा राहिला होता. "मीच बसवला," तो हळू आवाजात म्हणाला.

"मी बसवायला लावला," धोंडाबाई म्हणाल्या. "त्याला काय बोलू नका. मी त्याच्या दारात जाऊन बसले व्हते."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या सीझनला झुंबर नावाची त्यांची जोडीदारीण याच टोकाला उभी असायची. तिचा पदर रोलरमध्ये गेला. बायांनी आरडाओरडा केला, फकिरा धावत पॅनेलपाशी गेला, त्याने लाल बटणही दाबलं. पण पट्टा थांबेचना. हळूहळू, हळूहळू चालतच राहिला आणि झुंबरला कोपरापर्यंत आत घेऊन मग थांबला. हात वाचला, पण मनगट वळत नाही. आता ती घरीच असते.

"शेठला सांगितलं, बटण हितं द्या म्हणून. बघू म्हणले. मंग आमचं आमी बघितलं. दांडी खाली ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो. मोकळं झालं की दांडी वर. तुमचा डबा जळतो त्यानं, ह्ये कुणाला ठावं व्हतं?"

फकिरा खाली बघत होता. चैताली म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं, फकिराभाऊ?"

"दुसऱ्या टायमाला शंका आली," तो म्हणाला. "पण बोललो असतो तर शेठनं स्विच काढायला लावला असता. आन् मला पण."

चैताली टेबलाखालून बाहेर आली. सांगायचं तर होतंच. न सांगता ती निघून गेली असती तर ड्राइव्ह पुन्हा जळला असता आणि एखाद्या दिवशी नेमका दांडी ओढायच्या वेळी स्विचनेच दगा दिला असता. चालत्या करंटवर तोडण्यासाठी तो नव्हताच. पण नुसतं सांगितलं तर दीपकशेठ तो स्विच उपटून टाकतील आणि बायका पुन्हा त्या रोलरसमोर उभ्या राहतील, हेही दिसत होतं. ती पॅनेलपाशी गेली आणि लाल बटण दाबल्यावर पट्टा थांबायला किती वेळ घेतो ते ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये पाहिलं. वीस सेकंद. मशीन लावणाऱ्यांनी कांदे उडू नयेत म्हणून ठेवले असतील. नंतर कुणी हात लावला नाही. प्रफुल्लने दोनदा ड्राइव्ह परत बसवला तेव्हा त्यानेही जुनेच आकडे जसेच्या तसे भरले होते.

"मी शेठना बोलावते," ती परत येऊन म्हणाली. "माझ्यावर भरवसा ठेवा. स्विच काढायचाच आहे, पण त्याच्या जागी दुसरं काही बसवल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

"तुमचा भरवसा काय म्हणून ठिवायचा?" धोंडाबाईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

"कारण या कामात मी चुकत नाही," चैताली म्हणाली.

धोंडाबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

दीपकशेठ आले तेव्हा एका फोनवर बोलतच होते. चैतालीने त्यांचं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"सापडलं. दाखवते. आधी तुमचा टॉवेल द्या जरा."

त्यांना वाटलं हात पुसायला हवा असेल. त्यांनी दिला. तिने फकिराला पॅनेलपाशी पाठवलं, सगळ्या बायकांना चार पावलं मागे सरकवलं आणि पट्टा रिकामा चालू करायला सांगितला. मग एका लांब काठीच्या टोकाने टॉवेलचं एक टोक रोलरपाशी लोटलं. रोलरने ते लगेच पकडलं.

"बंद!" ती ओरडली.

पलीकडे फकिराने बटण दाबलेलं ऐकू आलं. पट्टा मंद झाला. पण चालत राहिला. टॉवेल आत जात होता; सावकाश, काही घाई नसल्यासारखा. अर्धा गेला. आणखी गेला. दीपकशेठ बघत होते. शेवटची झालर आत गेली तरी पट्टा सरकतच होता. मग थांबला.

मग धोंडाबाई म्हणाल्या, "ह्याच्या दुसऱ्या टोकाला झुंबर व्हती."

दीपकशेठचा हात खांद्याकडे गेला. टॉवेल तिथे नव्हता. "मला वाटलं तिनंच पदर नीट खोचला नव्हता," ते म्हणाले.

"पदर सुटतोच, शेठ," चैताली म्हणाली. "सुटल्यावर काय होतं ते आपल्या हातात असतं." आणि तिने त्यांना टेबलाखालचा स्विच दाखवला, तो कुणी बसवला आणि का ते सांगितलं, आणि त्यानेच त्यांचे ड्राइव्ह जळत होते हेही सांगितलं. काही लपवलं नाही.

दीपकशेठचा चेहरा लाल झाला. फकिरा तोवर पॅनेलपासून परत आला होता, ते त्याच्याकडे वळले. "म्हणजे तू जाळलेस होय रे माझे ड्राइव्ह? आणि मी या लोकांना बोल लावतोय! मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं व्हतं की," धोंडाबाई म्हणाल्या. "मी सोताच आले व्हते केबिनमधी. तुमी फोनवर व्हता. हातानं सांगितलं, बघू."

दीपकशेठनी हातातल्या फोनकडे पाहिलं. बहुधा त्यांना ते आठवलं असावं.

"ड्राइव्ह जळला तर मी दुरुस्त करते, शेठ," चैताली म्हणाली. "हात मला दुरुस्त करता येत नाही. आता मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या आणि फकिराभाऊंना माझ्यासोबत द्या. पट्टा तोवर बंद."

"सीझन..." ते म्हणाले.

"बंद."

मग दोघं कामाला लागले. टेबलावर बसून कार्ड दुरुस्त करणं वेगळं आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ओढणं वेगळं, हे चैतालीला पहिल्या तासातच कळलं. ड्रिल मशीन भिंतीत अडकलं. घाम डोळ्यात, कांदा डोळ्यात. पण फकिराचा हात साफ होता. त्याच्या जुन्या सामानाच्या पेटीत एका बंद पडलेल्या मशीनचा दोरीने ओढायचा स्विच निघाला. त्यांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेइतक्या उंचीवर पिवळी दोरी ताणली. कुठल्याही बाईने कुठेही दोरीला हिसका दिला, धक्का दिला, अगदी ती दोरीवर पडली तरी स्विच पडणार. त्याच्या दोन बारीक तारा ड्राइव्हच्या आत, थांबायचा हुकूम घेणाऱ्या जागी गेल्या. मोटरच्या तारा आता खरोखर सरळ झाल्या. मधला स्विच फकिराने स्वतःच काढला.

चैतालीने ड्राइव्हमध्ये नवं सेटिंग केलं. नेहमीचं लाल बटण दाबलं तर पट्टा पूर्वीसारखा सावकाश थांबावा. दोरी ओढली तर ड्राइव्हने मोटर लगेच सोडून द्यावी. मग काठीने एक गोणपाट रोलरला दिलं आणि धोंडाबाईंना खूण केली. त्यांनी दोरी ओढली. पट्टा थांबला. गोणपाट हातभर आत गेलं होतं.

"आधीच्या दांडीइतकंच हाय," धोंडाबाई म्हणाल्या. "चांगलं हाय."

"चांगलं नाही," चैताली म्हणाली. "हातभर म्हणजे हातच."

ती पुन्हा पॅनेलपाशी गेली. मोटर नुसती सोडून दिली की पट्टा आपल्या ओढीने थोडा पुढे जातो. पण ड्राइव्हला मोटर जागेवर धरताही येते. थोडा वेळ एका दिशेची वीज सोडली की मोटर ब्रेक लावल्यासारखी अडते. ते सेटिंग तिने आजवर टेबलावर शेकडो वेळा तपासलं होतं आणि कधी कुणासाठी वापरलं नव्हतं. आधी जोर फार दिला, मोटर घुरघुरली. थोडा कमी केला.

"ओढा!"

पट्टा गचकन थांबला. बाकीच्या बायका आपोआप एक पाऊल मागे सरकल्या. धोंडाबाईंनी वाकून गोणपाटाला आपला पंजा लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वीतभर गेलं होतं, त्याहून थोडं कमीच.

त्यांनी पट्टा पुन्हा सुरू करायला लावला आणि पुन्हा दोरी ओढली. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून ओढली. मग त्या ओढणी फाटलेल्या तरुण बाईला ओढायला लावली. दर वेळी पट्टा तसाच थांबला. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"पर आता चालू कसा करायचा? दांडी तर नाय."

"फकिराभाऊ येतील. सगळ्यांचे हात, पदर बाहेर आहेत हे डोळ्यांनी बघतील आणि मगच पॅनेलवरून चालू करतील."

"दर वक्ताला बोलवायचं?"

"दर वेळी."

धोंडाबाईंना ते फारसं आवडलं नाही, पण त्यांनी मान हलवली. फकिरा म्हणाला, "मी येईन. पळत येईन."

दीपकशेठ दुपारपासून केबिनमध्ये गेले नव्हते. मध्येच ते वेल्डिंगवाल्याला घेऊन आले होते आणि रोलरवर जाळी बसवण्यासाठी मापं घेतली होती. आता ते चैतालीसमोर येऊन उभे राहिले. टॉवेल रोलरमधून काढला होता, तो ग्रीसने काळा झालेला त्यांच्या हातात होता. तो टाकायचा की ठेवायचा ते त्यांना ठरवता येत नसावं.

"कालच्या बोलण्याबद्दल..." ते म्हणाले.

"ते राहू द्या. या शेडमध्ये असे आणखी किती पट्टे आहेत?"

"चार. आणि धुण्याचा ड्रम."

"त्या सगळ्यांचे आकडे मला बघायचेत. उद्या येते."

"साहेबांना पाठवणार?"

"मी येते म्हटलं."

निघताना धोंडाबाई गाडीपर्यंत आल्या. त्यांनी खिडकीतून सोललेल्या कांद्यांची पिशवी आत टाकली आणि विचारलं, "झुंबरला सांगू का, परत ये म्हणून? एका हातानं बी वेचता येतं. शेठ घेतील आता. मी सांगते त्येला."

"सांगा," चैताली म्हणाली. "आणि तिला सांगा, आल्यावर आधी दोरी ओढून बघ."

अंबडला परत पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. प्रफुल्ल दुकानात तिची वाट बघत बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. 

"मी तीनदा गेलो," तो शेवटी म्हणाला. "मला नाही दिसलं."

"तू पॅनेलपाशी उभा राहायचास. तिथून पट्टा दिसतच नाही."

"तू पण पॅनेलपाशीच बसली होतीस."

"हो. पण मी चहाला गेले नाही."

तो हसला, पण ओशाळा होऊन. मग घरी जाऊन दोघांनी कांद्याची भजी केली, कारण एवढ्या सोललेल्या कांद्यांचं दुसरं काय करायचं. खाताना त्याने दुसऱ्या दिवशीची कामं सांगितली. सातपूरला एक लिफ्ट होती, ओझरला एक पंप होता आणि टेबलावर कार्डांचा ढीग पडला होता.

"कार्डं तू कर," चैताली म्हणाली.

"मी?"

"तुला येतं की. शिकवलंय मी. डाग घाईने देऊ नकोस, तेवढं सांभाळ."

सकाळी ती लासलगावच्या रस्त्याला लागली तेव्हा प्रफुल्ल तिच्या खुर्चीवर बसून दिवा जवळ ओढत होता. दहाच्या सुमारास त्याचा फोन आला. बोट भाजलं होतं आणि एका कार्डावर कोणता भाग गेलाय तेच कळत नव्हतं.

"वास घे," ती म्हणाली. धुण्याच्या ड्रमचं पॅनेल तिने तेवढ्यात उघडलं होतं आणि बंद पडला की ड्रम आपोआप पुन्हा सुरू व्हावा, हे आतल्या ड्राइव्हचं सेटिंग बघताच तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "वास घेऊन बघ आधी. मी नंतर बोलते. फकिराभाऊ, हा ड्रम कुणी बंद करून आत हात घालतं का?"

"घालत्यात की," फकिरा म्हणाला.

"मग चला, दाखवा मला."

आणि पॅनेलचं दार तसंच उघडं ठेवून, ड्रम चालू करायची किल्ली काढून खिशात टाकून, ती त्याच्यामागून निघाली.